छोटे वनमालक आणि बदलते हवामान
जंगल म्हणजे सरकारी जमीन, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. स्वीडनमध्ये मात्र उत्पादक वनांपैकी सुमारे निम्मे क्षेत्र खासगी व्यक्तींच्या मालकीचे असून, अशा वनमालकांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे. शेतीप्रमाणेच वनही तेथे वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते. दक्षिणेकडील स्मोलांड परिसरात प्रामुख्याने स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष लावला जातो. तो तोडणीयोग्य होण्यास साधारणत: ६० ते ८० वर्षे लागतात. त्यामुळे रोप लावणारा एक आणि झाड तोडणारा दुसराच, असे बहुधा घडते.

या दीर्घ हिशेबाला ८ जानेवारी २००५ च्या रात्री तडा गेला. 'गुद्रुन' वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले. ते जवळपास संपूर्ण देशाच्या वार्षिक तोडीइतके होते. स्प्रूसची मुळे उथळ असतात. त्यातच हिवाळा सौम्य असल्याने जमीन गोठण्याऐवजी ओलसर व भुसभुशीत राहिली होती. बाजारात लाकडाचा पूर आल्याने भाव कोसळले. ओंडके खराब होऊ नयेत, म्हणून त्यांचे ढीग रचून पाणी फवारत ठेवावे लागले.

२०१८ च्या दुष्काळाने दुसरे संकट आणले. पाण्याअभावी अशक्त झालेल्या झाडांत राळ पुरेशी निर्माण होत नाही. परिणामी साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे फावते. उन्हाळा लांबला, तर त्यांची वर्षात दुसरी पिढीही तयार होते.

मिश्र वृक्षलागवड, वेळीच विरळणी, तोडणी काही वर्षे अलीकडे आणणे आणि कीडग्रस्त झाडे त्वरित हलविणे, हे त्यावरील उपाय मानले जातात. तरीही २००५ नंतर पानझडी वृक्षांसाठी शासकीय अनुदान उपलब्ध असूनही बहुसंख्य मालकांनी पुन्हा स्प्रूसच लावला. यामागे केवळ अज्ञान नव्हते. ओक, बर्च आणि पाइनची कोवळी रोपे मूस व रो जातीची हरणे खाऊन टाकतात. कुंपणाचा खर्च लहान मालकास परवडत नाही. शिवाय स्प्रूसची निगा त्याच्या परिचयाची असते आणि त्याच्या लाकडाला गिऱ्हाईकही ठरलेले असते.

शेतकऱ्याला पीक चुकल्यास पुढच्या हंगामात बदलता येते. वनमालकाला ही संधी आयुष्यात बहुधा एकदाच मिळते; आणि त्या निवडीचे फळ नातवंडांच्या पदरी पडते.