महत्तरांचं बिऱ्हाड

शर्टाच्या खिशावर काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत आडनाव, आणि आडनावाच्या आधी 'एल्डर'. ही पट्टी लावलेली दोन तऱ्हेची माणसं मनिलाच्या रस्त्यांवर दिसतात. मिसरूड जेमतेम फुटलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, आणि नातवंडांना अमेरिकेत ठेवून बायकोसह आलेले पासष्टी-सत्तरीचे गृहस्थ. 'एल्डर' या शब्दाचा सरळ अर्थ 'वयाने मोठा', आणि तो लागतो दोघांनाही. पोराला तो जरा ढगळ होतो, आजोबांना अंगासरशी बसतो.

ज्याला लोक मॉर्मन म्हणतात त्या पंथाची ही पद्धत. फिलिपाइन्समध्ये त्यांनी कामाला सुरुवात केली १९६१ मध्ये, आणि आज तिथली सदस्यसंख्या आठ लाखांच्या वर आहे. तरुण पोरं दारोदार फिरून प्रचार करतात. निवृत्त जोडपी स्वखर्चाने येतात, सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत राहतात. कुणी कचेरी सांभाळतं, कुणी जुन्या नोंदी जपायच्या कामात असतं, कुणी मदतकार्यात. बाईंच्या पट्टीवर 'सिस्टर'. चारचौघांत नवराबायकोही एकमेकांचा उल्लेख 'एल्डर अमुक' आणि 'सिस्टर अमुक' असाच करतात. चाळीस-पन्नास वर्षं संसार झाल्यावर नवऱ्याला असं म्हणायचं म्हणजे आपल्या 'अहो'वरही कडी झाली.

धर्म सांगणाऱ्याला 'वयाने मोठा' म्हणायची खोड मात्र एकट्या इंग्रजीची नाही. ग्रीकमध्ये 'प्रेस्ब्युस' म्हणजे म्हातारा आणि 'प्रेस्ब्युतेरोस' म्हणजे त्याहून म्हातारा. इंग्रजीतला 'प्रीस्ट' हा याच प्रेस्ब्युतेरोसचा झिजलेला अवतार, आणि प्रेस्बिटेरियन पंथाचं नावही त्यावरूनच पडलं. बायबल मराठीत आणणाऱ्यांनी या जागी 'वडील' हा शब्द घेतला. मंडळीचे वडील. निवड चांगली होती. प्राकृतात 'वड्ड' म्हणजे मोठा. हिंदीचा 'बडा' त्याच कुळातला. मराठीत 'वडील' म्हणजे बापही आणि थोरला माणूसही, त्यामुळे एका शब्दात नातं आणि अधिकार दोन्ही आले.

प्रेस्ब्युतेरोसच्या शेवटचा 'तेरोस' ओळखीचा वाटतो ना? वाटायलाच हवा. लघुतर, उच्चतर यांतला आपला 'तर' तोच. आणि हा 'तर' लागलेला एक शब्द संस्कृतातून निघून मराठीत अगदी घरचा झाला आहे, फक्त चेहरा इतका बदलला की ओळख पटत नाही. तो म्हणजे 'महत्तर'. जुन्या ताम्रपटांत राजा जमीन दान देतो तेव्हा ती गोष्ट गावच्या महत्तरांना कळवतो. महत्तर म्हणजे गावातली जाणती, वजनदार मंडळी. त्या महत्तराचं झालं 'म्हातारा'. ज्याला राजा उद्देशून लिहायचा, त्याला आज एसटीत कुणी 'ओ म्हातारे, सरका जरा' म्हटलं तर भांडण होतं.

दुसऱ्या शब्दाचे हाल याहून वाईट. वयोवृद्ध भिक्खूला संस्कृतात 'स्थविर', पालीत 'थेर'. थेरवाद म्हणजे या वडीलधाऱ्यांचं मत. भाजे लेण्यात थेरांच्या नावाचे लेख असलेले स्तूप आजही बघायला मिळतात. सम्राट अशोकाच्या काळात धर्म सांगायला देशोदेशी थेर पाठवले गेले, असं श्रीलंकेचा 'महावंस' हा ग्रंथ सांगतो. त्यांतले महाधम्मरक्खित थेर आले ते 'महारठ्ठा'त. म्हणजे आपल्याकडे परक्या मुलखातून धर्म सांगायला आलेल्या ज्या पहिल्या माणसाचं नाव परंपरेने जपलं, त्याची पदवीही 'एल्डर'च होती. त्या पदवीचं मराठीने काय केलं? 'थेरडा'! शेवटी 'डा' जोडला आणि शिवी तयार केली. मराठी माणूस वडीलधाऱ्यांना फार मान देतो असं आपण एकमेकांना सांगत असतो. कोश काढून बसलं की जरा जपून बोलावंसं वाटतं.

लॅटिनने उलटी वाट धरली. 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, 'सिनियर' म्हणजे त्याहून मोठा. आपल्या 'सनातन'मधला 'सना' आणि हा 'सेनेक्स' एकाच मुळाचे. या सिनियरचा स्पेनमध्ये 'सेन्योर' झाला, फ्रान्समध्ये 'मोंस्यू'चा उत्तरार्ध झाला, आणि इंग्लंडात पोचेपर्यंत झिजून 'सर' उरला. तोच 'सर' आपण शाळेत हात वर करून ओरडत होतो. महत्तर घसरत घसरत म्हाताऱ्यापर्यंत आला आणि सिनियर चढत चढत सरांपर्यंत गेला. मनिलात आलेल्या जोडप्यांना इंग्रजीत 'सिनियर मिशनरी' म्हणतात, तेव्हा निवृत्तीनंतर का होईना, शब्द त्यांच्या बाजूने आहे.

आता 'मिशन'. लॅटिन 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. सोळाव्या शतकापर्यंत 'मिसिओ' हा ईश्वरशास्त्रातला शब्द होता, पित्याने पुत्राला पाठवलं त्या अर्थाचा. माणसं पाठवण्यासाठी तो जेझुइटांनी वापरायला घेतला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. त्याच क्रियापदावरून वसईचे ख्रिस्ती म्हणतात तो 'मिस्सा' आणि फिलिपिनो म्हणतात तो 'मिसा'. मराठी बायबलातला 'प्रेषित'ही अर्थाने तोच, पाठवलेला. आपल्याकडे मिशनचं दवाखाना, शाळा आणि कंपाउंड यांच्याशी इतकं सख्य जुळलं, की 'मिशनमध्ये दाखवा' म्हटलं की माणूस डॉक्टरकडेच जातो.

'पाद्री' हा पोर्तुगिजांचा 'पाद्रे', म्हणजे बाप. स्पॅनिश लोकांनी हाच शब्द फिलिपाइन्समध्ये नेला आणि टागालोग भाषेत त्याचा 'पारी' झाला. दोन शेजारी देशांची गलबतं जगाला उलट्या बाजूंनी वळसा घालून निघाली. एकाने कोकण किनाऱ्यावर बाप उतरवला, दुसऱ्याने फिलिपाइन्सच्या सेबू बेटावर. मनिला स्पॅनिश झाली १५७१ मध्ये. १५७९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यात आले. १६१३ मध्ये पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या पाद्र्याचा टागालोग शब्दकोश पिला गावी छापला गेला आणि १६१६ मध्ये स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' निघालं. ही सगळी सडी माणसं. बायकापोरांचं लटांबर घेऊन मिशनरी यायला लागले ते प्रॉटेस्टंट आल्यावर. फिलिपाइन्समध्ये ते अमेरिकेच्या ताब्यानंतर घडलं. प्रेस्बिटेरियन जेम्स रॉजर्स मनिलात पोचले १८९९ मध्ये. वडिलांच्या नावाचा पंथ, पण तेव्हाचे मिशनरी तरुण असायचे आणि हयात काढायच्या तयारीने यायचे. आता येतात ते खरेच वयाने वडील, आणि परतीचं तिकीट काढून.

इतक्या पदव्या घेऊन आलेल्या जोडप्याला गल्लीतले लोक काय म्हणतात? 'लोलो' आणि 'लोला'. आजोबा आणि आजी. हेही शब्द मुळात तिथले नव्हेत. स्पॅनिश 'आबुएलो' आणि 'आबुएला' पोरांच्या तोंडी बोबडे होऊन राहिले. वयाने थोडा मोठा तो 'कुया', थोडी मोठी ती 'आते'. हे आले चिनी व्यापाऱ्यांच्या होक्किएन बोलीतून. भाजीवाल्याला दादा आणि शेजारणीला ताई म्हणणाऱ्या मराठी माणसाला मनिलात काही शिकवावं लागणार नाही. अमेरिकन माणसाला लागतं. अनोळखी बाईला ताई म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. आणि तिकडे त्याला नुसत्या नावाने हाक मारायला शेजारचा पोरगा तयार होत नाही. शिवाय प्रत्येक वाक्यात 'पो' घालायचा. तो आपल्या 'जी'सारखा. नकार द्यायचा तोही 'हिंदी पो'. हो, टागालोगमध्ये 'हिंदी' म्हणजे 'नाही'. आपल्याकडे काही जणांना हे ऐकून बरं वाटेल.

खरी गंमत होते 'मानो'च्या वेळी. शेजारचं सात-आठ वर्षांचं पोर आजोबांसमोर येऊन म्हणतं, 'मानो पो', आणि त्यांचा उजवा हात धरतं. आजोबांना वाटतं हस्तांदोलन. ते आपल्या सवयीने पंजा आवळतात, हलवायला बघतात. पोर मात्र तो हात वर नेऊन कपाळाला लावायच्या खटपटीत. त्या ओढाताणीत हात पोराच्या नाकावर आपटतो, आई दारातून हसते, आणि मग पोराची आजी येऊन दाखवते की बोटं सैल सोडायची, पाठीची बाजू पुढे करायची, बाकी सगळं पोराने करायचं. 'मानो' हा स्पॅनिश शब्द, अर्थ फक्त 'हात'. मोठ्यांच्या आशीर्वादासाठी वाकायची रीत तिथल्या माणसांची, नाव तेवढं परकं. आपल्याकडे पाय, त्यांच्याकडे हात, एवढाच फरक.

हे जोडपं इथे आलं ते सांगायला. ख्रिस्ती लोक ज्याला शुभवर्तमान म्हणतात ते. टागालोगमध्ये त्याला 'माबुतिंग बालिता' म्हणतात. 'माबुती' म्हणजे चांगली, 'बालिता' म्हणजे बातमी. आणि हा 'बालिता' आला आहे संस्कृत 'वार्ता'वरून. मलाय बेटांत त्याचा 'बेरिता' झाला, फिलिपाइन्समध्ये 'बालिता'. आपलं 'शुभवर्तमान' घ्या किंवा 'सुवार्ता' घ्या, मूळ तेच, 'वृत्'. स्पॅनिश गलबतांच्या कितीतरी शतकं आधी आलेल्या हिंदू-बौद्ध जगाच्या शब्दातूनच ख्रिस्ताची गोष्ट सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा, 'दिवाता' म्हणजे देवता किंवा वनदेवी, 'दुखा' म्हणजे गरीब. शेवटचा शब्द मला फार आवडतो. दुःखाचा अर्थ इतका नेमका आपल्यालाही साधला नाही. आभार मानायचा शब्द 'सालामात'. तो अरबीतला, मलायमार्गे आलेला. आपल्याकडे तोच फारसीतून आला आणि 'सहीसलामत' झाला. गोष्टी पोचवायला आलेल्या या दोघांच्या आधी तीन-चार धर्म आणि सात-आठ भाषा इथे येऊन, कपडे बदलून, घरच्या झाल्या आहेत.

त्या कशा झाल्या, याचं माझं उत्तर तरी सरळ आहे: प्रवचनातून शब्द येतो, पण राहतो स्वयंपाकघराच्या नाहीतर नात्याच्या आधाराने. पोर्तुगिजांनी आपल्याला प्रार्थना शिकवल्या असतील, मराठीने उचलले ते पाव, बटाटा, चावी, पगार आणि आया. मनिलातही तेच. 'लामेसा' हे टेबल स्पॅनिश, 'बिंताना' ही खिडकी स्पॅनिश, 'सुसी' ही किल्ली चिनी. आणि व्हिनेगरला म्हणतात 'सुका'.

सुकाशी थोडं थांबायला हवं. संस्कृतात 'चुक्र' म्हणजे आंबवलेला आंबट पदार्थ. मलाय भाषेत त्याचं 'चुका' झालं, टागालोगमध्ये 'सुका'. मराठीतही तो 'चुका'च आहे. अळूच्या फदफद्यात आंबटपणासाठी घालतो ती पालेभाजी. अमेरिकन बाई पहिल्यांदा आदोबो, म्हणजे व्हिनेगरात शिजवलेलं मांस, करायला शिकतात तेव्हा शेजारीण सुकाचा हात सढळ सोडते, बाईंना ते फार वाटतं, त्या कमी घालतात, आणि मांस ओशट लागतं. आमच्याकडेही नव्या सुनेने चुका कमी घातला की अळू घशाला खाजतं आणि सासू नुसती बघते. 'आदोबो' हे नाव स्पॅनिश, मुरवणे या अर्थाचं. १६१३ च्या त्या पाद्र्याच्या कोशात या पदार्थाची नोंद 'स्थानिकांचा आदोबो' अशी आहे. मांस व्हिनेगरात शिजवायची रीत तिथल्या लोकांची आधीचीच होती. पाद्र्याने ती चाखली आणि आपल्याकडचं नाव चिकटवलं. इकडे गोव्यात पोर्तुगिजांच्या वाइन-लसणीच्या मांसाचं 'विंदालू' झालं, आणि वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं.

मग या जोडप्याचं 'बस्तान बसलं' म्हणायचं का? बस्तान कायमचं वाटतं, तरी फारसी 'बस्तन' म्हणजे बांधणे, आणि लग्नाचा बस्ता त्यातलाच. बस्तानही त्याच घराण्यातलं दिसतं. बसलं तरी गाठोडं ते गाठोडंच. मला वाटतं त्यांना 'बिऱ्हाड' जास्त शोभतं. कानडीत 'बिडार' म्हणजे मुक्कामाची जागा, 'बिडु' म्हणजे सोडणे. जुन्या मराठीत 'बिढार', मग 'बिऱ्हाड'. जिथे ओझी सोडली, जनावरं सोडली, ते बिऱ्हाड. घर बांधतात, बिऱ्हाड मात्र करतात किंवा थाटतात, आणि दिवस भरले की हलवतात. टागालोगमध्ये याच कामाचा शब्द आहे 'तुलुयान'. तो 'तुलोय'वरून आला. तुलोय म्हणजे चालू ठेवणे, पुढे जाणे. दारात आलेल्याला 'तुलोय पो' म्हणतात, म्हणजे या, आत या. नाताळच्या आधी जोसेफ-मारियेला जागा शोधत दारोदार फिरताना दाखवणारा 'पानुनुलुयान' त्याच शब्दाचा. कानडी माणसाला मुक्काम म्हणजे सोडणं वाटलं, टागालोगला पुढे चालणं.

अठरा महिने झाले की जोडपं अमेरिकेत, युटाला परत जातं. कुकर, पंखा आणि सुकाची अर्धी बाटली मागच्यांसाठी ठेवतात. बहुतेक वेळा त्याच जागेत दुसरं जोडपं येतं, तशीच काळी पट्टी लावून. शेजारचं पोर त्यांच्याही हाताला हात घालतं, 'मानो पो, लोलो' म्हणतं, आणि नवे एल्डर पंजा आवळतात.