बँटिंग : एका आडनावाचे क्रियापद

स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यासाठी आहार आवरणे ह्या क्रियेला ‘बान्ता’ असे क्रियापद आहे. ते ग्रांथिक नव्हे, नित्याच्या बोलण्यातले आहे. त्याला काळाचे प्रत्यय लागतात, त्यापासून भाववाचक नामही सिद्ध होते. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या एका गृहस्थाचे आडनाव आपण उच्चारीत आहोत, ह्याचे स्मरण बोलणाऱ्यास करून देईल अशी कोणतीही खूण मात्र त्या रूपात उरलेली नाही. आडनावाचे क्रियापद कसे झाले, आणि होताना मूळ अर्थातील काय टिकले व काय गळून गेले, हे पाहू गेल्यास आहारशास्त्राच्या इतिहासातील एका वादाचेही स्वरूप स्पष्ट होते.

विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) हे व्यवसायाने अंत्ययात्रा व दफन ह्यांची व्यवस्था करणारे होते. हा धंदा त्यांच्या घराण्यात होता आणि राजघराण्यातील व सरदारांच्या अंत्यविधींचे काम त्यांच्या पेढीकडे असे. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन ह्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था तिनेच पाहिली. असा हा प्रतिष्ठित गृहस्थ तिशी-चाळिशीच्या दरम्यान असल्यापासून स्थूलतेने गांजलेला होता. वयाच्या ६६ व्या वर्षी, ऑगस्ट १८६२ मध्ये, त्यांची उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. बुटाचे बंद बांधण्यापुरते वाकता येत नसे. गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून जिना उलट्या पावलांनी, सावकाश उतरावा लागे. चारचौघांत होणाऱ्या टवाळीमुळे त्यांनी सार्वजनिक ठिकाणी जाणेही टाळले होते.

ते खादाड होते किंवा आळशी होते, असे म्हणता येणार नाही. वैद्यांनी सुचविलेले बहुतेक उपाय त्यांनी निष्ठेने केले होते. व्यायाम म्हणून पहाटे दोन तास जड नाव वल्हविली. त्याने बाहूंत बळ आले, पण भूकही वाढली व भुकेबरोबर वजनही वाढले. समुद्राची हवा, अश्वारोहण, खनिज झऱ्यांचे पाणी, तुर्की स्नाने, औषधे हे सर्व करून झाले. रोजचा आहार मात्र होता तसाच चालू होता. त्यात पाव, दूध, लोणी लावलेले टोस्ट, भरपूर साखरेचा चहा, बिअर, गोड पक्वान्ने हे पदार्थ होते, आणि त्यांकडे कोणी बोट दाखविले नव्हते.

ते दाखविले एका कर्णवैद्याने. श्रवणशक्ती मंदावल्यामुळे बँटिंग हे लंडनच्या सोहो स्क्वेअरमधील विल्यम हार्वी ह्यांच्याकडे गेले. (रुधिराभिसरणाचा शोध लावणारे हार्वी ते सतराव्या शतकातले, नामसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ नये.) मेदाच्या दाबामुळे कानावर परिणाम झाला आहे, असे हार्वी ह्यांनी निदान केले. पॅरिस येथे त्यांनी क्लोद बेर्नार ह्यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. यकृतात शर्करा निर्माण होते, हा बेर्नार ह्यांचा सिद्धान्त त्यांच्या मनात घोळत होता. गुरे पुष्ट करावयाची तर त्यांना पिष्टमय व गोड खाद्य देतात, ही शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी त्याला जोडली आणि ते पदार्थ तोडले तर मेद उतरेल असे अनुमान केले. अनुमानातील शरीरक्रियाविज्ञान आजच्या दृष्टीने कच्चे होते. उपाय मात्र लागू पडला.

पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे सहा पदार्थ वर्ज्य ठरले. सकाळी चारपाच औंस मांस किंवा भाजलेली मासळी, बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा आणि औंसभर कोरडा टोस्ट. दुपारी पाचसहा औंस मासळी वा मांस, बटाट्याखेरीज कोणतीही भाजी, थोडे फळ आणि क्लॅरेट मद्याचे दोनतीन प्याले. सायंकाळी फळ व चहा. रात्री पुन्हा तीनचार औंस मांस किंवा मासळी आणि क्लॅरेट. निजताना हवे असल्यास आणखी एक पेला, अर्थात् साखर न घालता. ‘पथ्य’ ह्या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात जो मऊ भात व मुगाचे वरण उभे राहते, त्याच्याशी ह्या भोजनाचे कसलेच नाते नाही. निर्बंध होता तो पदार्थांच्या वर्गावर. जिभेच्या सुखावर नव्हे.

मे १८६३ पर्यंत, ३८ आठवड्यांत, वजन ३५ पौंडांनी उतरले. त्या सप्टेंबरात ते १५६ पौंडांवर आले. एकूण घट ४६ पौंडांची. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. जिना पुढे तोंड करून उतरता येऊ लागला.

१८६३ मध्येच बँटिंग ह्यांनी स्थूलतेविषयीचे आपले जाहीर पत्र पुस्तिकारूपाने स्वखर्चाने छापले व प्रथम विनामूल्य वाटले. मागणी एवढी आली की पुढील आवृत्तीस किंमत ठेवावी लागली. ह्या पुस्तिकेत शास्त्र फारसे नाही. आहे ती एका रुग्णाची साक्ष, आणि तिच्या जोडीला तारीखवार वजनांचा तक्ता. भाषा साध्या व्यावसायिकाची आहे. स्थूलतेला त्यांनी परोपजीवी प्राण्याची उपमा दिली आहे, आणि ही उपमा शैलीचा अलंकार म्हणून सोडून देण्याजोगी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलाची गणना होते ती ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात, निंदिल्या जाणाऱ्या आठ प्रकारच्या शरीरांत. बँटिंग ह्यांच्या उपमेत ती निंदा शरीरधारकावरून उठून मेदावर जाते. लठ्ठ मनुष्य हा दोषी न राहता पीडित होतो. टवाळी सोसलेल्या वाचकांना ह्या पत्राने जवळचे केले ते बहुधा ह्यामुळेच.

वैद्यकवर्गाची प्रतिक्रिया कडवट होती. ह्यात नवे काय, असा आक्षेप घेतला गेला आणि तो खोटा नव्हता. फ्रान्समध्ये ब्रिया-साव्हारँ ह्यांनी १८२५ मध्येच पिष्टमय पदार्थ टाळण्याचा सल्ला दिला होता. इंग्लंडात टॉमस किंग चेंबर्स ह्यांचा स्थूलतेवरील ग्रंथ १८५० चा आहे. परंतु आक्षेपामागील खरी बोच वेगळी दिसते. सामान्य माणसाने स्वतःच्या देहावरील अनुभव थेट जनतेपुढे मांडावा, आणि जनतेने तो वैद्याच्या ग्रंथाहून अधिक विश्वासाने वाचावा, हे रुचण्याजोगे नव्हते. हार्वी ह्यांचा स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १८७२ मध्ये, पुस्तिकेनंतर नऊ वर्षांनी. तोवर उपचाराला नाव मिळून गेले होते, आणि ते रुग्णाचे होते.

वैद्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका माणसाचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असो, सर्वांचा नियम होत नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिष्ट-शर्करा कमी केलेल्या गटाचे वजन सरासरीने ६ किलो, तर स्निग्ध पदार्थ कमी केलेल्या गटाचे ५.३ किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नव्हता. दोन्ही गटांतील व्यक्तीव्यक्तींमध्ये मात्र पुष्कळ तफावत आढळली. बँटिंग ह्यांचा तक्ता त्या तफावतीतील एक भाग्यवान टोक असू शकेल.

आता शब्दाकडे. ‘बँटिंग’ ह्या आडनावाचा शेवट इंग्रजीतील क्रियावाचक प्रत्ययासारखा ऐकू येतो. वस्तुतः तो नावाचाच भाग. पण भाषकांनी तो प्रत्यय मानून तोडला आणि ‘बँट’ असा धातू मागे शिल्लक ठेवला. प्रथम थट्टेने, पुढे सवयीने ‘तुम्ही बँट करता काय?’ अशा धर्तीचे प्रश्न विचारले जाऊ लागले. आयर्लंडमध्ये १८८० साली कॅप्टन बॉयकॉट ह्यांच्या नावाचे असेच क्रियापद झाले. वंगभंगाच्या चळवळीत ते महाराष्ट्रातही येऊन पोचले. दोहोंत एक भेद आहे. बॉयकॉट हे आडनाव जसेच्या तसे राहिले. बँटिंग ह्यांच्या नावाला शेपूट गमवावे लागले.

अर्थाचा प्रवास अधिक चमत्कारिक आहे. जर्मनीत उपचाराचे नाव राहिले, पण निमायर, एबश्टाइन इत्यादी वैद्यांनी आशय बदलला. १८८२ मध्ये एबश्टाइन ह्यांनी तर स्निग्ध पदार्थांना मोकळीक दिली. स्वीडिशमध्ये सहा वर्ज्य पदार्थांची यादी गळाली आणि वजन उतरविण्याचा कोणताही मार्ग एवढा सामान्य अर्थ उरला. इंग्रजीत विसाव्या शतकात हे क्रियापद मावळले व ‘डाएट’ने त्याची जागा घेतली. मराठीनेही तोच शब्द ‘करणे’ जोडून स्वीकारला. पथ्य आणि लंघन हे जुने शब्द हाताशी असताना तो का घ्यावा लागला, ह्याचे उत्तर कठीण नाही. पथ्य वैद्य सांगतो. डाएट मनुष्य स्वतःच ठरवून ‘करतो’.

मावळलेला शब्द दक्षिण आफ्रिकेत पुन्हा उगवला. तेथील क्रीडावैद्यकाचे प्राध्यापक टिम नोक्स हे सहलेखक असलेल्या २०१३ मधील पुस्तकामुळे ‘बँटिंग’ हे नाव घरोघरी गेले. पुढे एका मातेला बाळाच्या आहाराविषयी समाजमाध्यमावरून दिलेल्या सल्ल्यामुळे नोक्स ह्यांची व्यावसायिक परिषदेपुढे चौकशी झाली. २०१७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि २०१८ मध्ये त्यांविरुद्धचे अपीलही फेटाळले गेले. वैद्यकाचा सल्ला कोणी, कोणाला व कोणत्या व्यासपीठावरून द्यावा, हा १८६३ चाच वाद तेथे नव्या वेषात उभा होता. ह्या दक्षिण आफ्रिकी ‘बँटिंग’मध्ये लोण्याला मानाचे पान आहे. १८६३ च्या यादीत वर्ज्य पदार्थांत दुसरे नाव लोण्याचे होते.