पैसा फंड आणि तळेगांवची कांच

एका रुपयाचे ६४ पैसे होत असत, त्या काळांतली ही हकीकत आहे. १९५७ सालीं दशमान नाणें आलें आणि तो जुना पैसा व्यवहारांतून गेला. त्याची किंमत ध्यानांत आणावयाची तर एवढाच हिशेब पुरे: एक लक्ष माणसांनीं प्रत्येकीं एक पैसा दिला तर बेरीज १,५६२ रुपये ८ आणे होते. लाख दारें ठोठवावीं आणि पदरीं दीड हजार पडावे! असल्या मार्गानें कारखाना उभारूं म्हणणाऱ्या माणसास शहाण्या लोकांनीं वेड्यांत काढलें असतें तर त्यांत नवल नव्हतें.

तो माणूस म्हणजे अंताजी दामोदर काळे. देशांतल्या प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी धंदे उभे करावे, ही त्यांची कल्पना. १९०१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानची लोकसंख्या २९ कोटींच्या वर भरली होती. म्हणजे काळ्यांचें गणित तंतोतंत उतरतें तर वर्षाला ४५ लाखांहून अधिक रुपये जमते. अर्थात् तें उतरणार नव्हतें. पैसा देणारा कितीहि राजी असला तरी तो आणावयास कोणी तरी त्याच्या दाराशीं गेलें पाहिजे, आणि त्या जाण्यायेण्याला पैशाहून अधिक खर्च येतो. म्हणून ही योजना चालली ती पायपिटीवर. काळे स्वतः गांवोगांव हिंडले. पुढें लोकमान्य टिळकांनीं ती उचलून धरली. वर्गणीची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीसाठीं १८९५ पासून ‘केसरी’च्या द्वारें लोकांच्या लहानमोठ्या देणग्या गोळा होत होत्याच. परंतु समाधीसाठीं, देवळासाठीं, अन्नछत्रासाठीं हात सैल सोडणारा गृहस्थ भट्टी आणि चिमणीसाठीं पैसा देईल काय, हा प्रश्न निराळा होता.

कांचच कां निवडली, हें त्या वेळच्या घरांत डोकावलें म्हणजे कळतें. रॉकेलचा दिवा खेड्यापाड्यांतून पोंचला होता. त्याची चिमणी परदेशची. सुवासिनीच्या हातांतली बांगडी, जिच्यावांचून मंगलकार्य होत नाहीं, तीहि पुष्कळ अंशीं ऑस्ट्रियासारख्या दूर देशांतून येई. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची शपथ घेणाऱ्या घरांत ही बांगडी बोलल्यावांचून टोंचत असली पाहिजे. शिवाय कांचेचें मुख्य द्रव्य म्हणजे वाळू. तिच्यांत सोडा आणि चुना मिसळावयाचा. फुटलेला मालहि वाया जात नाहीं. तुकडे पुन्हा मुशींत पडतात, लवकर वितळतात आणि जळण वांचवितात. धंदा हातचा, माल मातींतला, आणि मोडतोड परत घेणारा; गरिबाच्या वर्गणीला याहून शोभणारा धंदा सांपडणें कठिण होतें.

पण तो सोपा मात्र मुळींच नव्हता. वाळूंत लोहाचा अंश राहिला कीं कांच हिरवट होते. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. मूस तडकली तर आंतला सारा रस गेलाच. लोखंडी नळीच्या टोंकावर लाल गोळा घेऊन त्यांत फुंकर घालावयाची, फिरवीत फिरवीत आकार द्यावयाचा, आणि मग ती वस्तु हळूहळू निववावयाची. घाई केली तर ती आपोआप फुटते. हें पुस्तकांतून येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेले कांहीं देशी कांचकारखाने बुडाले, त्याचें एक मोठें कारण जाणता कारागीर नसणें हेंच होतें.

तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कारखाना १९०८ सालीं सुरू झाला. त्याच वर्षीं टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यावर होती. हे संयुक्त प्रांतांतले गृहस्थ. जपानांत आणि नंतर अमेरिकेंत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत शिकून आलेले. मराठी पैशावर उत्तरेकडील तज्ज्ञानें मावळांत भट्टी पेटवावी, यांत त्या वेळीं कोणास कांहीं विचित्र वाटलें नाहीं, हें मला फार मोलाचें वाटतें.

आतां खरा प्रश्न. ज्यांनीं पैसा दिला त्यांना काय मिळालें? भाग नाहीं, व्याज नाहीं, नफ्याचा वांटाहि नाहीं. आज दूरध्वनीच्या पडद्यावरून जी लोकवर्गणी गोळा होते तींत देणाराला निदान पहिली वस्तु घरपोंच देण्याचें वचन बहुधा असतें. येथें तेंहि नव्हतें. असल्या पैशाला धनी नसतो, म्हणून त्याचा हिशेब विचारणाराहि ठाम उभा राहत नाहीं, आणि भट्टीला एकरकमी भांडवल लागतें तें असें थेंबाथेंबानें पुरत नाहीं. हे दोष खरे आहेत व ते झांकण्यांत अर्थ नाहीं.

तरी पण धनी नसण्याचा एक फायदा झाला, आणि माझ्या मतें तोच या हकीकतीचा गाभा आहे. भागीदारांच्या पैशानें चालणारा कारखाना नवशिक्याच्या हातीं नळी देत नाहीं. त्याचा प्रत्येक फुटका गोळा नफ्यांतून वजा होतो. तळेगांवास ज्याला जाब द्यावयाचा असा भागीदारच नव्हता. तेथें पोरांनीं कांच फोडली तरी चालण्यासारखें होतें, म्हणून पोरें शिकलीं. कारखान्याबरोबरच ती शाळा झाली, आणि तेथें तयार झालेले कारागीर निरनिराळ्या प्रांतांतल्या कांचकारखान्यांत जाऊन काम करूं लागले. १९१४ सालीं महायुद्ध पेटून ऑस्ट्रियाचा माल थांबला, तेव्हां देशांत फुंकर घालणारे थोडे तरी हात तयार होते, याचें श्रेय या पैशाकडे जातें. तळेगांवची चिमणी परदेशी चिमणीशीं किमतींत किती टिकली, यावर जे या फंडाची परीक्षा करतात ते चुकीचा माल तोलतात, असें मला वाटतें.

वार्ष्णेय पुढें आपल्या प्रांतांत परतले आणि बहजोई येथें त्यांनीं मोठा कांचकारखाना चालविला. महाराष्ट्रांत १९१६ सालीं ओगले बंधूंनीं औंध संस्थानच्या आश्रयानें कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. कोंकणांत संगमेश्वरच्या व्यापाऱ्यांनीं उभारलेल्या शिक्षणसंस्थेनेंहि पैसा फंड हेंच नांव घेतलें, आणि तिची शाळा त्याच नांवानें ओळखली जाते.