माल पोचला, पैसे वाटेतच: हुंडी, व्ही.पी. आणि आजचं ‘होल्ड’

(पोस्ट लांब आहे. ज्यांचा घरगुती धंदा, दुकान किंवा फ्रीलान्स काम ऑनलाइन पैशांवर चालतं, त्यांनी सवडीने पण पूर्ण वाचावी.)

विकणाऱ्याचे पैसे मधल्याने धरून ठेवायचे, ही गोष्ट मोबाइलबरोबर आली असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या चालत फिरता येईल एवढ्या पट्ट्यात हा प्रश्न दीडशे वर्षं तरी आहे. माल एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, पैसे उलट दिशेने येतात आणि मध्ये कोणीतरी तिसरा असतो. प्रश्न एवढाच की तो तिसरा कोण, तो किती दिवस पैसे ठेवणार, आणि त्या दिवसांची झळ कोणी सोसायची.

विषय डोक्यात आला त्याचं कारण सांगतो. मी कोकणातल्या तालुक्याच्या गावी पत्रकारिता करतो. डिप्लोमा करताना दोन वर्षं गिरगावात मामाकडे काढली, त्यामुळे त्या वाड्यांमध्ये अजून जाणं-येणं आहे. तिथल्या एका ताई फराळाचे पदार्थ ऑनलाइन विकतात. एरवी महिन्याला दहा-बारा हजारांची विक्री. दिवाळीच्या आधी दहा दिवसांत १ लाख ३८ हजारांची झाली. पार्सलं पुण्याला, नाशकाला, बंगळुरूला पोचली. गिऱ्हाइकांचे ‘चकल्या छान झाल्यात’ असे मेसेज आले. पैसे मात्र आले नाहीत. पेमेंट कंपनीचा ईमेल आला, ‘आपले खाते तपासणीत आहे.’ कसली तपासणी, किती दिवस, काही नाही. वाण्याचं तुपाचं आणि बेसनाचं बिल दारात उभं. ४१ दिवसांनी पैसे जमा झाले, दोन टक्के कमिशन कापून. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. वर्षाला १२ टक्क्यांनी धरलं तरी त्या रकमेचं ४१ दिवसांचं व्याज १,८६० रुपयांच्या आसपास होतं. ते कोणाकडे गेलं?

हाच प्रश्न घेऊन जरा मागे जाऊ.

हुंडीवाला काय करायचा

काळबादेवी-भुलेश्वरच्या पेढ्यांवर हुंडी चालायची, हे आपण ऐकलेलं असतं. आज हुंडी म्हटलं की काळा पैसा आठवतो, पण त्या काळात ती व्यापाराची रोजची भाषा होती. दाखवल्याबरोबर पैसे द्यायचे ती दर्शनी. ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. बाजारात पत असलेल्या माणसालाच, म्हणजे ‘शाहा’लाच, पैसे मिळतील ती शाहजोग. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. १८८१ साली इंग्रज सरकारने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट केला, तेव्हाही देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक चालीरीतींना या कायद्याने बाधा येणार नाही, असं पहिल्याच कलमात लिहावं लागलं. एवढी ती पद्धत पक्की होती.

आपल्या विषयाला लागू पडते ती जोखमी हुंडी. समजा एका व्यापाऱ्याने गलबतातून माल पाठवला. माल घेणाऱ्याच्या नावावर तो हुंडी लिहायचा आणि सराफाला विकायचा. सराफ पैसे तिथल्या तिथे द्यायचा, आपली हुंडणावळ कापून. माल सुखरूप पोचला तर सराफ समोरच्याकडून पैसे वसूल करायचा. गलबत बुडालं तर सराफाचे पैसे बुडाले. माल पाठवणाऱ्याकडे परत मागायची सोय नाही. यावरून झालेले तंटे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

बघा, मधला माणूस इथेही कमाई करतोय, आणि ती काही थोडीथोडकी नसणार. पण तो कमाई करतो ती जोखीम उचलण्याची. विकणाऱ्याला रोकड आधी आणि धोका सराफाच्या अंगावर. मुदती हुंडीतही तेच. जितके दिवस थांबायचं त्याची किंमत आधीच ठरलेली आणि कागदावर लिहिलेली. थांबणं फुकट नव्हतं.

मग आली व्ही.पी.

हुंडी पेढीवाल्यांची. साध्या दुकानदाराचं काय? वऱ्हाडातल्या शाळामास्तरला मुंबईचं पुस्तक हवंय, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मास्तरला वाटतं, आधी पैसे पाठवले आणि पुस्तक आलंच नाही तर? दुकानदाराला वाटतं, आधी पुस्तक पाठवलं आणि पैसे आलेच नाहीत तर?

यावर टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली, तीच आपली व्ही.पी. १८८० पासून मनीऑर्डरही टपाल खात्याकडे आली आणि गाडं रुळावर आलं. पोस्टमन पार्सल घेऊन दारात जायचा, पैसे घ्यायचा, पार्सल द्यायचा. ते पैसे मनीऑर्डरने विकणाऱ्याकडे यायचे. मनीऑर्डरवर आमच्या कोकणातली निम्मी घरं जगली हे सगळे लिहितात. त्याच यंत्रणेवर मुंबईची पुस्तकं गावोगाव पोचली, हे फारसं कोणी लिहीत नाही.

गिरगाव म्हणजे मराठी पुस्तकांचं माहेर. खटाववाडीत मौज, गिरगावातच केशव भिकाजी ढवळे, ग. पां. परचुरे. जरा पलीकडे कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचं १८६९ सालचं निर्णयसागर. जुन्या मासिकांच्या जाहिरातींची पानं चाळा. किंमत एक रुपया, टपालखर्च निराळा, व्ही.पी.ने मागवा, हे शब्द सारखे भेटतील. पुस्तकं, औषधं, पंचांगं, घड्याळं, सगळं व्ही.पी.ने.

यातही विकणाऱ्याचे पैसे काही दिवस वाटेत असायचे. पण ते कुठे आहेत ते त्याला माहीत असायचं. पावती हातात असायची. उशीर झाला तर पोस्टमास्तरसमोर उभं राहून विचारता यायचं. गिऱ्हाइकाने घेतलं नाही तर पार्सल परत यायचं. ‘व्ही.पी. परत आली’ हे दुकानदाराचं जुनं दुखणं, पण काय झालं ते कळायचं तरी.

फसवणूक तेव्हाही होती

पेमेंट कंपन्यांचं म्हणणं असतं की विक्रेत्यांमध्ये लबाड असतात, म्हणून पैसे रोखावे लागतात. खोटं नाही ते. व्ही.पी.च्या काळातही होतेच. मागवलेलं नसताना पार्सल पाठवायचं, घरातल्या कोणीतरी पैसे भरले की झालं. किंवा जाहिरातीत एक आणि पार्सलात भलतंच.

त्यावर सरकारने काय केलं? १८९८ च्या इंडियन पोस्ट ऑफिस ॲक्टचं कलम ३५ यासाठी आहे. खरी मागणी आल्यावरच माल पाठवतोय असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद त्यात आहे. आणि फसवणूक झाली असेल तर व्ही.पी.चे जमा झालेले पैसे विकणाऱ्याला न देता रोखून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला परत करायचे, यासाठी नियम करण्याचा अधिकारही आहे.

म्हणजे ‘होल्ड’ तेव्हाही होतं. पण ते कायद्यात लिहिलेलं होतं, फसवणुकीपुरतं होतं आणि पैसे रोखणारं खातं सरकारी, जबाब देणारं होतं. हा कायदा आता गेला, त्याच्या जागी आलेला २०२३ चा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. पण ते कलम ज्या विचाराने लिहिलं होतं तो विचार जुना झालेला नाही.

ऑनलाइनचा काळ

इंटरनेटवर खरेदी सुरू झाली तसे गिऱ्हाइकाचे पैसे आधी मधल्या कंपनीच्या खात्यात जायला लागले. ती कंपनीच बुडाली तर विक्रेत्यांचं काय, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेला पडला. २४ नोव्हेंबर २००९ च्या आदेशाने सांगितलं गेलं की हे पैसे कंपनीने स्वतःचे म्हणून वापरायचे नाहीत, बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि व्यवहार पूर्ण झाल्याची खबर मिळाल्यापासून जास्तीत जास्त तीन दिवसांत विक्रेत्याला पोचवायचे.

पुढच्याच वर्षी एक मोठा झटका बसला. परदेशातल्या गिऱ्हाइकांचं काम करणारी हजारो भारतीय मंडळी पेपॅलवर पैसे घ्यायची. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपॅलने भारतातल्या बँकांत पैसे काढणं अचानक थांबवलं. काम करून झालेलं, पैसे पडद्यावर दिसतायत, पण हातात नाहीत. मार्चच्या सुरुवातीला ते पुन्हा सुरू झालं. मग नोव्हेंबर २०१० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा आली. ती २०११ मध्ये ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० झाली. याच कंपनीची, खातं मर्यादित केलं की शिल्लक १८० दिवसांपर्यंत धरून ठेवण्याची अट जगभरच्या विक्रेत्यांना ठाऊक आहे. १८० दिवस म्हणजे सहा महिने. मुदती हुंडीवाल्याने एवढ्या मुदतीचं व्याज आधी मोजलं असतं.

१७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रीगेटर कंपन्यांसाठी सविस्तर नियम काढले. परवाना लागेल, पैसे एस्क्रो खात्यात राहतील, तक्रारीसाठी नोडल अधिकारी नेमून त्याची माहिती जाहीर करावी लागेल. पैसे कधी द्यायचे याचं कोष्टकही दिलं. पार्सल पोचवण्याची जबाबदारी ॲग्रीगेटरची असेल तर माल रवाना झाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. विक्रेत्याची असेल तर माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत पैसे ठेवायचे असा करार असेल तर ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत.

वाचायला छान आहे. पण शेवटची ओळ पुन्हा वाचा. ‘असा करार असेल तर’. करार म्हणजे आपण अंगठ्याने खाली सरकवत ‘मान्य’ दाबतो ते. ताईंनीही दाबलं होतं.

त्याच नियमांत आणखी एक बारीक गोष्ट आहे. एस्क्रो खात्यात रोज पैसे येतात-जातात, पण तळाशी काही रक्कम कायम राहतेच. किमान २६ पंधरवडे धंदा झालेल्या कंपनीला ती तळाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून बँकेकडून व्याज घेण्याची मुभा दिली गेली. हजारो विक्रेत्यांच्या वाटेतल्या पैशांचा तळ आहे तो. माझ्या मते मघाच्या १,८६० रुपयांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला इथूनच सुरुवात करावी लागते. जोखमी हुंडीत मधला माणूस जोखीम घेऊन पैसे कमवायचा. आज तो कमिशन घेतो, पैसे पडून राहिले त्याचा फायदाही त्याला होऊ शकतो, आणि गिऱ्हाइकाने व्यवहार उलटवला तर नुकसान विक्रेत्याच्या माथी.

दुसरीकडे पाहा. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे खरेदीदाराने ४५ दिवसांच्या वर थकवले, तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. ही तरतूद माल घेणाऱ्याला लागू आहे. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत आणि मधल्याने अडवलेत, तर मात्र असं व्याज नाही.

आणि पोलिसांचं ‘होल्ड’

हा नवा प्रकार जास्त घातक आहे. तुमच्या टपरीवर कोणी यूपीआयने पैसे दिले. ते पैसे दोन-तीन खात्यांमागे कुठेतरी सायबर फसवणुकीचे निघाले. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र बँकेला येतं आणि तुमचं अख्खं खातं गोठतं.

दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एकाचं खातं असंच गोठवलं गेलं होतं. वादातली रक्कम होती १०५ रुपये, आणि खात्यात लाखाच्या वर शिल्लक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खातं खुलं करायला सांगितलं, फक्त ते १०५ रुपये बाजूला ठेवून. त्याआधी २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हेच म्हटलं होतं की रोखायची तर वादातली रक्कम रोखा. पण १०५ रुपयांसाठी उच्च न्यायालयात जाणं किती टपरीवाल्यांना परवडेल?

मग मागायचं काय?

पैसे कधीच रोखू नका, असं मी म्हणत नाही. दिवाळीत अचानक दहापट विक्री झाली की यंत्राला शंका येणारच. उद्या एखादा भामटा फराळाचे पैसे घेऊन पळाला तर आपणच कंपनीला शिव्या घालू. मागणी एवढीच, की जुन्या पद्धतींत जे होतं ते इथेही असावं.

एक, कारण लेखी द्या. ‘तपासणीत आहे’ हे कारण नव्हे.
दोन, मुदत सांगा, आणि ती संपल्यावर पैसे सोडा किंवा कारण देऊन वाढवा.
तीन, जेवढ्यावर शंका तेवढंच रोखा. १०५ साठी लाख नको.
चार, विक्रेता निर्दोष निघाला तर रोखलेल्या दिवसांचं व्याज द्या. हे नवीन काही नाही, हुंडणावळीचा हिशोब जाणणाऱ्या बाजाराला हे पहिल्या दिवशी कळलं असतं.

तोवर आपण करायचं ते असं. पार्सलची पावती, पोच आणि गिऱ्हाइकाचे मेसेज जपून ठेवा. सणाआधी विक्री वाढणार असेल तर कंपनीला आधीच ईमेल करून ठेवा. सगळे पैसे एकाच गेटवेवर आणि एकाच बँक खात्यात ठेवू नका. पैसे अडकले तर चॅटवर भांडत बसू नका. कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकाऱ्याचं नाव शोधा आणि त्यालाच तारखेसह लेखी तक्रार करा.

तुमचे किंवा ओळखीच्या कोणाचे पैसे असे अडकले असतील तर किती रक्कम, किती दिवस आणि कारण मिळालं का, एवढं कमेंटमध्ये लिहा. खाते क्रमांक, फोन नंबर मात्र लिहू नका. पंधरा-वीस प्रकरणं जमली तर ती एकत्र करून रिझर्व्ह बँकेला आणि आपल्या खासदारांना पाठवायचा विचार आहे.