दोन ओळखींचे शहर : 'हार्ड बॉइल्ड' आणि १९९२चे हाँगकाँग

१/ १९९२ साली जॉन वू यांचा 'हार्ड बॉइल्ड' प्रदर्शित झाला. गोळीबारांनी भरलेला हा चित्रपट इतिहासाच्या अभ्यासकाने का पाहावा? कारण त्याच्या केंद्रस्थानी दोन ओळखी वागवणारा माणूस आहे, आणि तेव्हा हाँगकाँग शहरही तसेच जगत होते.

२/ पहिल्या अफूयुद्धानंतर, १८४२च्या नानजिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटनकडे गेले. १८९८ मध्ये लगतचा विस्तीर्ण प्रदेश ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळाला. ती मुदत १९९७ला संपणार होती. १९८४च्या संयुक्त जाहीरनाम्यात संपूर्ण हाँगकाँग चीनला परत करण्याचे ठरले.

३/ जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकाभोवती लष्कराने आंदोलन चिरडले आणि हाँगकाँग हादरले. अनेक कुटुंबांनी कॅनडा, ऑस्ट्रेलियाची वाट धरली. उरलेल्यांपुढे प्रश्न होता : उद्या आपण कोणाचे?

४/ आता चित्रपट. टोनी लेउंग यांचे पात्र म्हणजे शस्त्रतस्करांच्या टोळीत पेरलेला पोलीस. नव्या म्होरक्याचा विश्वास मिळवण्यासाठी तो आपल्यावर माया करणाऱ्या वृद्ध म्होरक्याला ठार करतो. प्रत्येक हत्येनंतर तो कागदाचा एक करकोचा घडवतो.

५/ चाऊ युन-फॅट यांचा निरीक्षक आरंभीच्या चहागृहातील चकमकीत एका तस्कराला मारतो; तो गुप्त पोलीस निघतो. पुढे रुग्णालयात, अडीच मिनिटांहून दीर्घ अशा अखंड चित्रणात, टोनी लेउंगच्या पात्राच्या हातूनही पोलिसावरच गोळी सुटते. आपला कोण नि परका कोण, हे ओळखण्याची खूणच हरवलेली आहे.

६/ येथे सावधगिरी हवी. हा चित्रपट म्हणजे राजकीय दस्तऐवज नव्हे. गुप्त पोलिसाची कथा हाँगकाँगच्या पडद्यावर आधीही होती. रिंगो लॅम यांचा 'सिटी ऑन फायर' १९८७चा. म्हणून १९९७ची छाया हे या कथेचे एकमेव कारण मानता येत नाही. मात्र त्या छायेत ती पाहणाऱ्यांना तिचा अर्थ अधिक झोंबला असावा, असा तर्क करता येतो.

७/ वू लवकरच हॉलिवूडला गेले. 'हार्ड टार्गेट' १९९३ मध्ये आला. हस्तांतरणानंतर, २००२च्या 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये टोनी लेउंग पुन्हा गुप्त पोलीस झाले. ध्वज बदलला होता. पडद्यावरचा प्रश्न मात्र तोच होता.