गरम पाणी, एस.टी.डी., वायफाय

आमच्या लॉजची पाटी आजवर चार वेळा रंगवली. पत्रा तोच, १९८६ सालचा. पावसाळ्यानंतर पोपडे निघाले की खालची अक्षरं वर येतात. सगळ्यात तळाला ‘राहण्याची उत्तम सोय, गरम पाणी मिळेल’. त्यावर ‘एस.टी.डी., पी.सी.ओ.’ त्यावर ‘कलर टीव्ही’. आणि हल्लीचं ‘मोफत वायफाय’. तुळजापुरातल्या लॉजधंद्याचा इतिहास मला विचाराल तर मी त्या पत्र्याकडे बोट दाखवीन.

मुळात इथं लॉज हा प्रकारच उपरा. आई तुळजाभवानीच्या दर्शनाला येणारा माणूस पुजाऱ्याच्या घरी उतरायचा. बरेच जण अजूनही उतरतात. कुठल्या गावचं कुठलं घराणं कुठल्या पुजाऱ्याचं यजमान, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सतरंजी त्याच्या ओसरीवर, पुरणाचा नैवेद्य त्याच्या चुलीवर, अभिषेकही त्याच्याच हातून. आमच्या अण्णांनी चार खोल्या बांधून पाटी लावली तेव्हा शेजारीपाजारी हसले. देवीच्या दारात खोलीभाडं भरून कोण झोपतंय, म्हणाले.

पण अण्णांना एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. दर्शनाइतकीच घाई माणसाला ‘पोचलो’ हे कळवायची असते. आजोबांच्या काळी हे काम पोस्टकार्डावर चाले, आणि तेही सरळ नव्हतं. सोलापूर अवघं पंचेचाळीस किलोमीटर, पण ते इंग्रजांच्या मुलखात आणि तुळजापूर निजामाच्या. निजामाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी, नाणंही हाली सिक्क्याचं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि पुढं टपालही एक झालं. मग आला ट्रंक कॉल. पोस्टात नंबर लिहून द्यायचा आणि बाकावर बसून राहायचं. ‘पी.पी.’ कॉल असेल तर पलीकडं त्याच माणसाला बोलावून आणेपर्यंत जीव टांगणीला. कितीतरी लोक दर्शन उरकून पोस्टात बसायचे आणि कॉल लागायच्या आत त्यांची एस.टी. सुटायची.

१९९० साली आमच्या काउंटरशेजारी लाकडी केबिन आली. आत फोन, डोक्यावर तांबडे आकडे पळवणारी पेटी, शेजारी बिलाची पट्टी थुंकणारं छोटं यंत्र. रात्री अकरानंतर पाव दर. तुळजापुरात हे फार सोयीचं पडलं, कारण पहाटेच्या चरणतीर्थासाठी माणसं तशीही जागीच असायची. अकरा वाजले की बाया-माणसं पायऱ्यांवर ओळीनं बसत, कुंकवानं भरलेली कपाळं, मांडीवर पेंगणारी पोरं. गुलबर्ग्याचे पाव्हणे कानडीत, हैदराबादचे तेलुगूत, आमचे बार्शी-लातूरचे मराठीत, सगळे ओरडून तेच बोलायचे: दर्शन झालं, उद्या निघतो, म्हशीचं दूध काढलं का? नजर मात्र तांबड्या आकड्यांवर. ज्याची खोली पुजाऱ्याकडं, तोही फोनला आमच्याकडं यायचा, आणि पुढच्या वर्षी हळूच खोलीचा भाव विचारायचा. अण्णांचा हिशेब बरोबर निघाला.

त्या केबिनमधली एक सकाळ मी विसरत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन, आणि भाद्रपद पौर्णिमा म्हणून लॉज भरलेलं. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन गदगदली. सगळे अंथरुणातून रस्त्यावर. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर यायला लागली. सास्तूर तर आपल्याच जिल्ह्यातलं. आमच्याकडं उमरगा-लोहाऱ्याकडची तीन कुटुंबं होती. केबिनपुढं रांग लागली, पण लाइन लागेना. अण्णांनी मीटर बंद केला आणि म्हणाले, लागेल त्यानं बोला, पैशाचं नंतर बघू. दुपारी एका पाव्हण्याला फोन लागला. तो फक्त ‘हां... हां...’ करत राहिला आणि फोन ठेवून तिथंच खाली बसला.

पुढचं भरभर सांगतो, कारण त्या वर्षांत सांगण्यासारखं थोडं. मोबाइल खेड्यापाड्यांत पोचला आणि केबिनमध्ये आम्ही गाद्या ठेवायला लागलो. अण्णांनी खोल्याखोल्यांत टीव्ही बसवले. गिऱ्हाईक वाढलं म्हणावं तर नाही; नसता तर मात्र गेलं असतं.

वायफाय मी २०१३ मध्ये घेतलं, तेव्हा पेठेत थोड्यांकडंच होतं. तारेतून येणारं ब्रॉडबँड, एक राउटर काउंटरवर. आमची खालची भिंत काळ्या दगडाची, दीड हात जाड. पलीकडच्या खोलीत काही पोचायचं नाही, म्हणून पुण्याची पोरं जिन्यात बसून मेल बघायची. पासवर्ड ठेवला होता ‘उदोउदो’. आठवड्याभरात तो सगळ्या आळीला पाठ झाला आणि संध्याकाळी आमच्या पायरीवर आमचं गिऱ्हाईक सोडून बाकी सगळे.

पासवर्ड असा वाटायचा नसतो, हे मला पोलीस ठाण्यातल्या एका हवालदारानं समजावलं. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण चौकशी त्याचीच झाली. २००९ पासून सार्वजनिक वायफाय देणाऱ्यानं वापरणाऱ्याची ओळख ठेवायची, असा केंद्राचा दंडक आहे. लॉजवाल्याला यात नवीन काही नाही. पाव्हण्याचं नाव, गाव, कुठून आले, कुठं जाणार हे रजिस्टरात लिहिण्यातच आमची हयात गेली. अमेरिकेतले मराठी लोक कुलदैवताला येतात. परदेशी पासपोर्ट असेल तर त्यांची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरायची. म्हणजे नेट पाव्हण्याआधी मलाच लागतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वाटलं, आपला राउटरही गाद्यांच्या खोलीत जाणार. गेला नाही, आणि तो वाचवला नवरात्रानं. कोजागरीच्या यात्रेला सोलापूरकडून चालत येणाऱ्यांनी रस्ते भरले की टॉवरवर इतका ताण येतो की खिशातला मोबाइल नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. त्या रात्री आमची तारच तेवढी बोलते. मागच्या खेपेला निलंग्याकडच्या एका सुनेनं मला गच्चीवर यायला लावलं. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. सुनेनं व्हिडिओ कॉल लावून शिखराकडं फोन धरला. म्हातारीनं तिकडून हात जोडले असावेत, कारण पडद्यावर बराच वेळ नुसतं छतच दिसत होतं.

एरवी वायफायनं मला मिळवून दिलं ते बुकिंग, आणि शिव्याही त्यानंच खाऊ घातल्या. एका बुकिंग कंपनीच्या ॲपवर माणसं ‘खोली स्वच्छ, वायफाय नाही’ म्हणून एक तारा देऊन मोकळी होतात. तार कुणाच्या जेसीबीनं तोडलेली असते ते तिथं लिहायला जागा नाही.

आणि गंमत बघा. टाळेबंदीत देऊळ बंद होतं, ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला उघडलं. त्या दिवसांत खोल्या रिकाम्या, माझं वायफाय भिंतींसाठी चालू. शेजारचा पुजारी मात्र ओसरीवर बसून आपल्या यजमानांना व्हॉट्सॲपवर रोज देवीचा फोटो पाठवत होता, आणि त्याची दक्षिणा फोनवर टिंग करून येत होती. वही त्याच्या आजोबांची, नंबर त्यानं भरलेले. आम्ही तारा ओढत बसलो, यजमान त्याचेच राहिले.

यंदा पत्रा काढून फ्लेक्स लावायचा ठरवलाय. छापणाऱ्या पोरानं विचारलं, मामा, मोफत वायफाय ठेवायचं का? म्हटलं, ठेव, खाली बारीक अक्षरात. गरम पाणी मोठं कर.