वेदना नसलेल्या पायांची चप्पल

चप्पल चावू लागली की आपण नकळत पाऊल तिरपे टाकतो. खडा टोचला की थांबतो. ज्याच्या तळपायाला वेदनाच होत नाही, त्याचे काय होत असेल?

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. तरीही या रोगात मांस आपोआप झडते, ही समजूत पुढे कित्येक दशके टिकून राहिली. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांना ती पटेना. प्लास्टर घालून पायाला विश्रांती दिली की तळपायाच्या जखमा भरत. रुग्ण पूर्वीसारखा चालू लागला की पुन्हा होत. म्हणजे दोष मांसात नव्हता. बधिर पायावर पडणाऱ्या दाबात होता.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण वर्गात शिकवतोच. समजा, ५० किलोग्रॅमचा भार पावलाच्या १०० चौरस सेंटिमीटरवर पसरला. तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलोग्रॅम येतो. तोच भार चवड्याच्या २० चौरस सेंटिमीटरवर आला तर अडीच किलोग्रॅम होतो. हजारो पावले अशीच पडली की मांस आतून ठेचले जाते. ज्याला दुखते तो लंगडतो आणि वाचतो. बधिर पायाचा माणूस मात्र चालतच राहतो.

मग उपाय चांभाराच्या ठोकळ्यावर शोधावा लागला. वेल्लोर आणि जवळच्या करिगिरी येथे हवेचे सूक्ष्म कप्पे असलेल्या मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. खाली कडक तळ, म्हणजे काटा आरपार जाणार नाही. पाऊल वेडेवाकडे असेल तर त्याचा साचा घेऊन आतला तळ बेतायचा, म्हणजे भार सगळीकडे वाटला जाईल. खिळा मात्र वापरायचा नाही. वर आलेला खिळा त्या पायाला कळणार कसा?

पण लोक चपलेवरूनच रोग ओळखू लागले, आणि अनेक रुग्ण ती घालायला कचरू लागले. चारचौघांसारखी दिसणे हीसुद्धा उपचाराचीच गरज ठरली.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्याने रोग बरा होतो. परंतु फार पूर्वी गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. मधुमेहातही पाय बधिर होतात, आणि तिथेही भार वाटून देण्याचे हेच तत्त्व वापरले जाते.

विद्यार्थ्यांना ओल्या पावलाचा ठसा चौकटीच्या कागदावर घेऊन चौकटी मोजायला सांगावे. मग चवड्यावर उभे राहून पुन्हा मोजाव्यात. आपले पाऊल रोज काय सोसते, ते त्यांना आकड्यांत दिसेल.